ताटाची डावी बाजू

पान वाढायला सुरुवात मिठापासून होते. मग लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, भरीत, सगळं डावीकडे. खाणारे कौतुक करतात ते उजवीकडच्या भाजी-आमटीचं. मला मात्र त्या घरात रांधण्यात किती जीव ओतला आहे, ते डावीकडच्या दह्यातल्या पदार्थावरून कळतं. भाजी सकाळी करून ठेवता येते, आमटी मुरली की उलट अधिक चवदार लागते. कोशिंबीर असं थांबू देत नाही.

काकडीचंच बघा. मीठ लागलं की ती पाणी सोडते आणि जरा वेळाने घट्ट दह्याचं पाणचट ताक होतं. म्हणून कोचवलेली काकडी, दही, दाण्याचं कूट तयार ठेवावं आणि मीठ पानं मांडल्यावरच घालावं. काकडी किसूही नये. किसलेलीचा लगदा होतो, कोचवलेलीचा तुकडा दाताखाली येतो.

आई कोशिंबिरीसाठी मोहरी फेसायची. कुटलेल्या मोहरीत थोडं गार पाणी घालून झणका नाकात जाईपर्यंत ती फेसत राही. कोरड्या दाण्यात तो झणका नसतो. दाणा फुटून पाणी लागलं की मगच तयार होतो. कडकडीत तेलात तडतडलेली मोहरी खमंग लागते, पण झणका तिथे नाही. केरळात काकडीच्या किचडीत ओल्या खोबऱ्याबरोबर कच्ची मोहरी वाटून घालतात. ती पहिल्यांदा खाल्ली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं आणि फार बरं वाटलं.

कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने १९७० पासून वाटी-चमच्याची मापं घरोघरी नेली. त्या पुस्तकाचे उपकार मोठे आहेत. पण दह्याचा आंबटपणा वाटीत मोजता येत नाही. उन्हाळ्यात विरजण काही तासांत लागतं, दुपार टळेपर्यंत दही आंबटही होतं. थंडीत रात्रभर ऊब द्यावी लागते. साखर किती, मिरची किती, हे त्या दिवशीचं दही चाखूनच ठरतं. लाल भोपळ्याच्या भरतात तर हे फारच सांभाळावं लागतं, कारण भोपळा मुळात गोड. उकडलेल्या फोडी पुरत्या गार झाल्याशिवाय दही घालू नये, नाहीतर ते फुटतं.

आणि डांगर! भाजलेल्या उडदाचं पीठ, दही, बारीक चिरलेला कांदा, हिरवी मिरची, वर हिंगाची सढळ फोडणी. गरम भाकरीबरोबर हे असलं की मला भाजी आठवतही नाही. फक्त कालवताना सैलच ठेवायचं, कारण पीठ पाणी पीत राहतं. दुसऱ्यांदा वाढायला जावं तर ते गच्च झालेलं असतं. मग पळीभर ताक घालायचं, बोटावर चव बघायची, लागलं तर चिमूटभर मीठ टाकून पुन्हा ढवळायचं.