झाकण

आमच्या बैठकीत एक माशांची टाकी आहे. पाच फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. नवीन माणूस घरात आला की आधी तिच्याकडे बघतो आणि मग आमच्याकडे. "सर, एवढी मोठी कशाला?" हा प्रश्न ठरलेला. उत्तर असं की ही हौस माझी नव्हे, मुलाची. त्याने कॉलेजात असताना टाकी बनवून घेतली, लोखंडी अँगलचा स्टँड करून घेतला आणि २००८ साली नोकरीसाठी बंगलोरला निघून गेला. त्याच वर्षी मी शाळेतून निवृत्त झालो. टाकी जागची हलवणं शक्य नव्हतं. हिशोब करून बघा, वीस घनफूट म्हणजे साडेपाचशे लिटरच्या वर पाणी, म्हणजे पाण्याचंच वजन अर्ध्या टनाहून जास्त! तेव्हा मासे आणि मी, दोघंही मागे राहिलो.

मी मराठीचा मास्तर. बी.ए.सुद्धा मराठी माध्यमातून. विज्ञानाशी संबंध आला तो शिक्षक-खोलीतल्या गप्पांपुरता. पण रिकामा वेळ माणसाला काहीही शिकवतो. माझ्या लक्षात आलं की टाकीतल्या वनस्पती पिवळ्या पडताहेत, खालची पानं गळताहेत आणि काचेवर तपकिरी थर चढतो आहे. टाकीवर एक फळी आडवी टाकून तिला दोन ट्यूबलाइट लटकवलेले होते. बैठकीत बसलं की उजेड आपल्या डोळ्यांत आणि टाकीचा तळ अंधारात. एकदा मी वर्तमानपत्राचं पान प्लास्टिकच्या पिशवीत घालून तळाशी धरलं. चष्मा लावूनही मथळ्याखेरीज काही वाचता येईना.

कारण सोपं आहे, फक्त मला ते अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं. ट्यूब गोल असते, ती चारी बाजूंना सारखाच उजेड फेकते. पाण्याकडे जातो त्याहून जास्त उजेड छताकडे, भिंतीकडे आणि आपल्याकडे जातो. वर आणि बाजूला जाणारा उजेड अडवून खाली वळवायचा असेल तर ट्यूबच्या मागे चकचकीत पत्रा हवा आणि सगळ्यावर झाकण हवं. १९७८ साली शाळेची सहल घेऊन मुंबईला गेलो होतो, तेव्हा मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय पाहिलं होतं. ते १९५१ साली सुरू झालेलं. तिथे आपण अंधारात उभे आणि मासे उजेडात, दिवा कुठे दिसत नाही. तेव्हा मी मुलांची रांग सांभाळण्यात गुंतलेलो, दिव्याचा विचार कोण करतो! लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली लोकांसाठी पहिलं मत्स्यालय उघडलं, त्यांना बिचाऱ्यांना तर सूर्यावरच भागवावं लागलं असेल.

तर मी स्वतःच कामाला लागलो. एका खोक्याचा पुठ्ठा घेतला, त्याला स्वयंपाकघरातली पोळ्या गुंडाळायची चंदेरी फॉइल चिकटवली आणि ट्यूबच्या वर कमान करून बसवली. उजेड वाढला, हे खरं. मी खुशीत होतो. पण टाकीची वाफ सतत वर येत असते. चार दिवसांत पुठ्ठा ओला होऊन लोंबला आणि फॉइल ट्यूबच्या होल्डरला टेकली. मला पत्ता नाही. सौ. सकाळी माशांना दाणे टाकायला गेली. हात ओला, पाय अनवाणी, फरशी नुकतीच पुसलेली. तिचा हात फॉइलला लागला.

ती मागे फेकली गेली. दोन बांगड्या फुटल्या, कोपर सुजलं. बाकी काही झालं नाही. पण तिचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि ती बराच वेळ एक शब्द बोलली नाही. संध्याकाळी एवढंच म्हणाली, "अहो, पुठ्ठा लावताना तुम्ही कोणाला विचारलं होतं?" मी कोणालाच विचारलं नव्हतं. चाळीस वर्षांच्या संसारात तिने मला इतक्या हळू आवाजात कधी बोललेलं मला आठवत नाही.

आता आमच्या नागपुरात पाणी, पत्रा आणि वीज एकत्र नांदवण्याचं शास्त्र कोणाला येत असेल तर ते कूलरवाल्यांना. इथे गल्लोगल्ली टिनाचे कूलर बनतात. इतवारीकडे माझा एक जुना विद्यार्थी कूलरचं काम करतो, हे मला माहीत होतं. माहीत असूनही मी त्याच्याकडे कधी गेलो नव्हतो. त्याचं कारण सांगतो.

१९८७ साली तो नववीत माझ्या वर्गात होता. चित्रं बरी काढायचा, हाताने काहीबाही बनवायचा, लिहिताना मात्र 'ण'च्या जागी सर्रास 'न'. पानी, लोनी, कारन. आपल्याकडे बोलतातच तसं, पण पेपरात मी प्रत्येक चुकीला अर्धा गुण कापत असे. वार्षिक परीक्षेत तो मराठीत चार गुणांनी नापास झाला. चार गुण देणं माझ्या हातात होतं. हेडमास्तरांनी विचारलंसुद्धा. मी तत्त्वावर अडलो. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याच्या वडिलांनी त्याला कूलरच्या दुकानात लावलं आणि जूनमध्ये तो शाळेत आलाच नाही.

मी त्याच्याकडे गेलो तेव्हा त्याने हात पुसून नमस्कार केला, स्टूल दिलं, चहा सांगितला. दुसऱ्या दिवशी घरी आला. टाकीकडे न बघता आधी माझी जोडणी बघितली.

"सर, हे काय करून ठेवलं जी? आपल्याइथं दर उन्हाळ्यात कूलरच्या करंटनं मानसं मरतेत, पेपरात वाचता ना तुमी?"

वाचत होतो. रोज वाचत होतो.

त्याने खिशातून होल्डरला दोन वायरी लावलेला एक बल्ब काढला. एक वायर प्लगच्या फेजमध्ये, दुसरी वरच्या मोठ्या भोकात, म्हणजे अर्थिंगमध्ये. बल्ब लागायला हवा होता, लागला नाही. आमच्या महालातल्या जुन्या घराला अर्थिंगच नव्हतं! तिसरं भोक नुसतं शोभेचं. इतकी वर्षं आम्ही त्याच प्लगवर मिक्सर आणि इस्त्री चालवत होतो. तो म्हणाला, "झाकन मागून बनवू. आदी हे." अंगणात खड्डा खणून, मीठ-कोळसा घालून, पट्टी पुरून त्याने आधी अर्थिंग केलं. मग करंट गळाला की क्षणात वीज तोडणारा स्विच बोर्डात बसवला. यात दोन दिवस गेले आणि पत्र्याला अजून हातही लागला नव्हता.

मग आम्ही दोघं लोहा ओळीत जाऊन ॲल्युमिनियमचा चकचकीत पत्रा घेऊन आलो. मी शेजारच्या अकरावीतल्या मुलाचं गणिताचं पुस्तक आणून त्याला पॅराबोला दाखवला. त्या वक्राच्या नाभीत दिवा ठेवला की सगळे किरण सरळ रेषेत बाहेर पडतात, वगैरे. मला वाटलं, मी शिकवतो आहे. त्याने आकृती नीट पाहिली आणि म्हणाला, "असा गोल वळवाले मशीन लागते. आपन सहा जागी मोडू, तेवढंच काम होते." मग थोडं थांबून, "पन सर, मधातून सरळ वर गेलेला उजेड तं परत ट्यूबवरच येऊन पडन ना? तो वाया गेला."

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्याने पत्र्याच्या मधोमध, ट्यूबच्या बरोबर वर, लांबीभर एक उलटी घडी काढली. छपराचा आढा खाली यावा तशी. आता वर गेलेला उजेड त्या घडीच्या दोन उतारांवर आपटून दोन्हीकडे फाकायचा आणि ट्यूबला टाळून खाली यायचा. पुढे मुलाने सांगितलं की महागड्या तयार परावर्तकांत अगदी हेच करतात. तीन ट्यूबना तीन पत्रे, प्रत्येक साधारण अठरा सेंटिमीटर रुंद. रिवेटही ॲल्युमिनियमचे, कारण लोखंडी स्क्रू वाफेत गंजतात आणि गंज पाण्यात गळतो.

झाकण वॉटरप्रूफ प्लायचं. आतून पांढऱ्या ऑइलपेंटचे तीन हात, समोर बिजागरीचं दार, मागची बाजू उघडी. तापणारे चोक त्याने झाकणातून काढून स्टँडखाली एका डब्यात नेले. वायरी प्लगच्या खालपर्यंत लोंबत सोडल्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी प्लगमध्ये न जाता खालीच टपकावं. आणि कूलरवालाच तो, एका कोपऱ्यात छोटा पंखा लावलाच! नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात पाण्यावरून वारं गेलं की बाष्पीभवन होऊन पाणी दोन-तीन अंशांनी थंड राहतं. मे २०१३ मध्ये इथे पारा ४७.९ वर गेला होता, तेव्हा आमचे मासे त्या पंख्याने वाचवले. रोज अर्धी बादली पाणी मात्र भरावं लागायचं.

तो रिवेट ठोकत असताना मी एकदा विचारलंच. म्हटलं, "नववीचं आठवतं का रे तुला?"

"हाव सर."

"राग आला होता?"

"हाव. आला होता ना." आणि त्याने पुढचा रिवेट घेतला. मी आणखी काही बोलायला हवं होतं. चार गुणांचं वाक्य मनात तयार होतं, व्याकरणशुद्ध. तोंडातून निघालं नाही. मी टॉर्च धरून उभा राहिलो.

दिवे लावले त्या रात्री मी पुन्हा वर्तमानपत्राचं पान तळाशी धरलं. बातमीतली अक्षरं वाचता आली. महिन्याभरात वनस्पतींना नवे कोंब फुटले आणि दुपारी पानांवर प्राणवायूचे बारीक बुडबुडे दिसू लागले. (उत्साहात मी बारा-बारा तास दिवे ठेवले आणि सगळं पाणी हिरवंगार झालं, तोही पराक्रम सांगून टाकतो. आता आठ तास, टायमरवर.) सौ. मात्र दोन महिने टाकीजवळ गेली नाही. मग एके दिवशी त्याला फोन करून, माझ्याशी न बोलता, त्याच्याकडून खात्री करून घेतली आणि दाणे टाकू लागली.

बिल त्याने वहीच्या पानावर लिहून दिलं. वर शीर्षक, 'माशाच्या टाकीचे झाकन'. माझा हात सवयीने खिशातल्या पेनाकडे गेला. पैसे दिले, कागद घडी करून ठेवला.

२०१९ मध्ये ट्यूब काढून एलईडी पट्ट्या लावल्या. त्या उजेड एकाच बाजूला फेकतात, पत्र्यांची गरज उरली नाही. पट्ट्या लावायला तोच आला. आधी खिशातला बल्ब काढून अर्थिंग तपासलं, मग आमच्या कूलरचंही तपासलं, मग पाणी मागितलं. पत्रे उतरवून पुसले आणि विचारलं, "हे नेऊ का सर? दुकानात लावतो, संध्याकाळी दिसत नाही आजकाल." मी दोन दिले, एक ठेवून घेतला. त्या वेळचं बिल मोबाइलवर आलं, त्याच्या पोराने पाठवलेलं, इंग्रजीत. जुना कागद शोधून काढला आणि झाकणाच्या दाराला आतून चिकटवला. वाफेने शाई फुटली आहे, पण वाचता येतं.