सुई, गोळी आणि भरवसा

आज पिकाचं नाही, हाताच्या दुखण्याचं लिहितोय.

दसरा-दिवाळीच्या आगेमागे आपल्या बीड जिल्ह्यातून टोळ्या कारखान्यावर निघतात. चार-पाच महिने रोज कोयता चालवायचा, मोळ्या बांधायच्या, वाहायच्या. मनगट, कोपर, खांदा सगळं भरून येतं. घरी बसावं तर खाडा पडतो, उचल फिटत नाही. मग दवाखान्यात एकच मागणी, "गोळी नको डॉक्टर, सुई मारा." शेजारच्या वस्तीवरचा एक गडी म्हणतो, "सुई बघितली की निम्मं दुखणं तिथंच जातं."

हे हसण्यावारी नेऊ नका. हार्वर्डचे टेड कॅपचुक आणि सहकाऱ्यांनी तेच ते काम करून हात दुखणाऱ्या २७० माणसांवर चाचणी घेतली. २००६ साली ती ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आली. काहींना औषध नसलेली, मक्याच्या स्टार्चची गोळी दिली. बाकीच्यांना ॲक्युपंक्चरची खोटी सुई, टोचल्यासारखी वाटणारी पण कातडीत न शिरणारी. दोन्हीत औषध शून्य. तरी काही आठवड्यांत खोट्या सुईवाल्यांनी दुखणं जास्त कमी झाल्याचं सांगितलं. गोळीवाल्यांपैकी जवळपास तिसऱ्या हिश्शाला तर नसलेल्या औषधाचा त्रासही झाला! मात्र मुठीची ताकद मोजली, तेव्हा दोन्ही गटांत फरक निघाला नाही.

कृषी सहायक मंडळींना यातली मेख लगेच कळेल. दोन्ही पट्ट्यांत साधं पाणीच फवारलं होतं, आणि काहीच न फवारलेला कोरा पट्टा ठेवला नव्हता. म्हणजे किती आराम भरवशानं पडला आणि किती आपोआप, हे यातून वेगळं काढता येत नाही. आपणही दुखणं टोकाला गेल्यावरच सुई घेतो. त्यानंतर ते थोडं उतरणारच असतं. फवारणीनंतर पाऊस पडावा अन् नाव टॉनिकचं व्हावं, तसंच.

भरवसा खोटा नाही, आराम खरा वाटतो. पण दुखणं दबलं म्हणजे ताणलेली शीर बरी झाली असं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच हातात कोयता असतो.

म्हणून सुई घेताना विचारा, यात काय आहे? कोयत्याला धार ठेवा, जोर कमी लागतो. काम आलटून-पालटून करा. बोटांना मुंग्या येत असतील, हातातून तांब्या सुटत असेल, तर सुईच्या भरवशावर हंगाम काढू नका. सरकारी दवाखान्यात हात दाखवा. उचल पुढच्या साली फिटेल, हात नवा मिळत नाही.