मूषकसेवा

गणपतीच्या पायाशीं बसलेला उंदीर आमच्या गांवीं कोणासच परका नाहीं. पनवेलहून फार दूर नसलेलें, आज उरण तालुक्यांत मोडणारें चिरनेर हें गांव दोन गोष्टींसाठीं ओळखलें जातें: एक तेथील महागणपतीचें मंदिर, आणि दुसरी म्हणजे २५ सप्टेंबर १९३० रोजीं तेथें झालेला जंगल सत्याग्रह, ज्यांत गोळीबार होऊन आसपासच्या गांवांतील माणसांनीं प्राण दिले. ह्या दोन्ही थोर विषयांवर लिहिण्याचा अधिकार प्रस्तुत लेखकाचा नव्हे. मीं ज्या उंदराची सेवा केली तो प्लॅस्टिकचा असून त्याचें शेपूट संगणकास बांधलेलें असतें.

२००६ सालच्या सुमारास जवळच्याच एका शाळेस कोठल्याशा कचेरींतून बाद झालेले कांहीं संगणक देणगीदाखल मिळाले होते. एका यंत्रापाशीं तीन तीन मुलें, आणि आठवड्यांतून एक तास. म्हणजे एकेकाच्या वांट्यास वीस मिनिटेंही धड येत नसत. सुटींत मी तेथें मदतीस जात असें. एकदां नववींतील एक मुलगी माउस हातांत धरून नुसतीच बसलेली दिसली. पडद्यावरील बाण वर-खालीं जाई, पण आडवा कांहीं केल्या सरकेना. मीं विचारलें तेव्हां ती खालच्या मानेनें म्हणाली, "दादा, सगळ्यांना येतं. माझ्याच हाताला जमत नाही."

मीं माउस उलटा केला. पोटावरील गोल झांकण फिरवतांच आंतला गोळा तळहातावर पडला. गोळा पोलादी, वर रबराचा थर; दिसावयास मोठ्या गोटीएवढा, पण हाताला चांगलाच जड. तो जेथें बसतो त्या खळग्यांत तीन रूळ असतात. दोन रूळ एकमेकांशीं काटकोनांत बसवलेले; एक आडवी गति मोजतो, दुसरा उभी. तिसऱ्याचें काम स्प्रिंगच्या जोरानें गोळ्यास त्या दोघांवर दाबून धरण्याचें. मोजणाऱ्या प्रत्येक रुळाच्या टोकास फटी पाडलेली एक चकती असते. तिच्या एका बाजूस डोळ्यांस न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचा इवलासा दिवा आणि दुसऱ्या बाजूस तो प्रकाश टिपणारे दोन ग्राहक. चकती फिरली कीं प्रकाश तुटतो आणि जुळतो. दोहोंपैकीं कोणत्या ग्राहकास तो आधीं दिसला, ह्यावरून चकती डावीकडे फिरली कीं उजवीकडे हें यंत्रास कळतें. त्या मुलीच्या माउसमध्यें आडव्या रुळाभोंवतीं मळाचें काळें कडें जमलें होतें. टेबलावरची धूळ, हातांचा घाम, गणवेशाचे तंतु, सारें गोळ्यानें आंत ओढून नेऊन तेथें थापलें होतें. नखानें तें कडें सोलून काढलें. बाण आडवा धांवूं लागला. मुलगी कांहीं बोलली नाहीं; तिनें शेजारचा माउस उचलला आणि आपण होऊन उलटा केला.

त्या दिवशीं आम्हीं खोलींतले सगळे माउस उघडले. बिघडलेला असा एकच निघाला. बाकीचे केवळ मळलेले होते. ह्या मळापायीं किती मुलांनीं स्वतःस मठ्ठ ठरवून घेतलें असेल, हा विचार माझ्या मनांतून आजही जात नाहीं. खडू तुटला तर खडू तुटला असें दिसतें. ह्या यंत्राचा दोष मात्र पोटांत दडलेला, म्हणून तो वापरणाराच्या माथीं बसतो.

विद्यार्थिमित्रांस ह्या प्राण्याची वंशावळ थोडक्यांत सांगतों. डग्लस एंगलबार्ट आणि बिल इंग्लिश ह्यांनीं अमेरिकेंत १९६४ सालीं घडविलेला पहिला माउस लांकडी होता. त्याच्या पोटांत गोळा नव्हता, टेबलावर थेट फिरणारीं दोन चाकें होतीं. ९ डिसेंबर १९६८ रोजीं सॅन फ्रॅन्सिस्को येथें एंगलबार्टनीं तो जाहीर सभेंत चालवून दाखविला. ट्रॅकबॉल मात्र ह्याहून वडील. कॅनडाच्या आरमारासाठीं १९५२ च्या सुमारास केलेल्या ट्रॅकबॉलमध्यें खेळांतला चेंडूच बसविलेला होता. पुढें माउसमध्यें गोळा आला तो, पाहूं गेल्यास, उलटा केलेला ट्रॅकबॉलच होय. १९९९ नंतर प्रकाशाच्या साह्यानें चालणारे, खालच्या पृष्ठभागाचीं सेकंदास हजारांहून अधिक चित्रें टिपणारे माउस सर्वत्र पसरले आणि गोळा नाहींसा झाला. ह्या नव्या जातीच्या डोळ्यावर एक केंस पडला तरी बाण थरथरूं लागतो. फुंकर मारावी, काम झालें.

माझ्या सेवेंत आज उरला आहे तो काकांचा ट्रॅकबॉल. काकांचें उजवें मनगट एका आजारानंतर आंखडलें. माउस सरकविण्यास सबंध हात हालवावा लागतो, ट्रॅकबॉलला अंगठा पुरतो. त्या अंगठ्याच्या बळावर ते सात-बाराचे उतारे पाहतात, अर्ज लिहितात, आणि परगांवच्या नातवंडांस लांबलचक पत्रें पाठवितात. गोळा अडला कीं त्यांचा हा सारा व्यवहार थांबतो. मग हांक येते, "अरे, उंदीर रुसला बघ." ट्रॅकबॉलचा मळ टेबलाचा नसून हाताचा असतो. गोळा ज्या तीन बारीक मण्यांवर टेकलेला असतो त्यांच्याभोंवतीं तो राखाडी लगद्यासारखा सांचतो. गोळा काढून कापसाच्या बोळ्यानें मणी पुसावे, इतकेंच. जुन्या माउसचा रबरी गोळा असल्यास तो साबणाच्या पाण्यानें धुवावा. स्पिरिटमध्यें बुडवूं नये, रबर कडक होतें. रुळावर पात्याची धार लावूं नये, ओरखडे पडून मळ दुप्पट वेगानें धरतो.

बटणाचें दुखणें निराळें. एकदां दाबलें असतां दोनदां दाबल्यासारखें होऊं लागलें म्हणजे आंतील सूक्ष्म स्विच थकला असें समजावें. त्यांत तांब्याच्या मिश्रधातूची पातळ पट्टी असते. वापरानें तिचा ताण जातो, आणि आमच्याकडील खाऱ्या, दमट हवेनें संपर्कबिंदूवर गंज चढतो. कोणी पट्टी काढून तिला पुन्हां वांक देतात. मला ती कसरत पटत नाहीं. पट्टी जेमतेम महिनाभर टिकते, आणि स्विचवरची मोहरीएवढी कळ फरशीवर पडली तर शोधण्यांत दुपार जाते. त्यापेक्षां मुंबईस लॅमिंग्टन रोडवरून नवा स्विच आणावा आणि जुना डाग सोडवून त्या जागीं बसवावा.

हें सारें व्यवहारांत परवडतें काय, असें कोणी विचारील. साधा माउस दोन-तीनशें रुपयांस नवा मिळतो, आणि १९८९ सालीं सुरूं झालेलें न्हावाशेवा बंदर तर आमच्या दारांतच आहे; कंटेनरांच्या रांगा रस्त्यावरून रात्रंदिवस जातात. साध्या माउसचा स्विच बदलणें हिशेबांत बसत नाहीं, हें मी मान्य करतों. मळ काढणें मात्र फुकट आहे. ट्रॅकबॉलची गोष्ट वेगळी: तो महाग मिळतो, आणि काकांच्या अंगठ्यास जुन्याच गोळ्याची संवय आहे. त्याचें डावें बटण सध्यां तिसरें आहे. चौथें आणून मीं फडताळांत ठेवलें आहे.