नावे ठेवणे आणि नाव देणे

माणसाला नावे ठेवणे सोपे असते. त्याच्या अडचणीला नेमके नाव देणे कठीण. अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलांच्या बाबतीत आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सोपे तेच केले. 'ढ', 'मठ्ठ', 'आळशी' ही ती नावे. ब्राह्मी लिपीपासून 'ढ' या अक्षराचे वळण बदललेले नाही, असे म्हणतात. मूलही तसेच, कधी न सुधारणारे, हा निवाडा त्या एका अक्षरात सामावला आहे.

नेमक्या नावाचा शोध मात्र जुना आहे. मेंदूच्या विकाराने वाचनशक्ती गमावलेल्या प्रौढांसाठी रुडॉल्फ बर्लिन या जर्मन नेत्रवैद्याने १८८७ मध्ये 'डिस्लेक्सिया' हा ग्रीक घडणीचा शब्द वापरला. १८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी चौदा वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलगा चलाख, खेळात बरोबरीच्यांहून कमी नाही. परंतु वाचन त्याला साधत नव्हते. सारे शिक्षण तोंडी असते, तर तो शाळेत सर्वांत हुशार ठरला असता, असे त्याच्या शिक्षकाचे मत होते.

आज वाचनातील अडचणीला डिस्लेक्सिया, लेखनातील अडचणीला डिसग्राफिया आणि गणितातील अडचणीला डिसकॅल्क्युलिया म्हणतात. या सर्वांना मिळून 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' ही संज्ञा आहे. तीत 'विशिष्ट' हा शब्द कळीचा आहे. ही मतिमंदता नव्हे, दृष्टिदोष नव्हे, आळस तर नव्हेच. बुद्धी शाबूत असते. अक्षर आणि ध्वनी यांची सांगड तेवढी सहज बसत नाही.

आपल्या देवनागरीतही ही सांगड वाटते तितकी सरळ नाही. 'किरण' लिहिताना वेलांटी 'क'च्या आधी येते, उच्चारताना नंतर. 'धर्म' शब्दातील 'र' आपण 'म'च्या आधी उच्चारतो, पण तो बसतो 'म'च्या डोक्यावर. आपल्याला अंगवळणी पडलेली ही वळणे एखाद्या बालकाला रोज नव्याने चढावी लागतात.

१९९५ च्या अपंगविषयक कायद्यात या मुलांचा उल्लेख नव्हता. २०१६ च्या कायद्याने तो केला. परीक्षेत वाढीव वेळ, लेखनिक अशा सवलती आहेत. परंतु त्यासाठी लागणाऱ्या प्रमाणपत्राकरिता इस्पितळाचे हेलपाटे घालावे लागतात, आणि हातावर पोट असलेल्या आईबापांचा प्रत्येक हेलपाटा म्हणजे एक बुडालेला रोज. शिवाय 'ढ' जाऊन 'डिस्लेक्सिक' हे नवे हिणवणे सुरू झाले, तर आपण काहीच कमावले नाही.

धर्मशिक्षणाच्या वर्गातही अशी मुले आम्ही पाहतो. वाचनाची पाळी जवळ आली की त्यांना तहान लागते, पोट दुखू लागते. पुढे ती वर्गाला येईनाशी होतात, आणि मग देवळालाही. ही हानी गुणपत्रिकेत दिसत नाही. आपल्या पूर्वजांपैकी कित्येकांना अक्षरओळख नव्हती. त्यांच्यापर्यंत श्रद्धा पोहोचली ती कानांवाटे, प्रार्थना व गीतांतून. जिभेने जड असलेल्या मोशेला परमेश्वराने नाकारले नाही. बोलण्यासाठी अहरोनाची सोबत दिली.

म्हणून धर्मशिक्षकांना आमची विनंती आहे: अशा बालकाला सर्वांसमोर वाचावयास लावू नका. त्याला ऐकवा, तोंडी विचारा, चित्र काढू द्या. प्रथम कम्युनियनची तयारी त्याच्या वाचनावर अडवून ठेवू नका. आणि पालकांनो, मारण्यासाठी हात उगारण्यापूर्वी एकदा तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या.