मॅकलेमोर अव्हेन्यूवरचं उघडं दार

मेम्फिस शहराच्या दक्षिण भागात, मॅकलेमोर अव्हेन्यूवर, कॅपिटल नावाचं एक बंद पडलेलं सिनेमा थिएटर होतं. १९६० साली जिम स्टुअर्ट आणि त्याची थोरली बहीण एस्टेल ॲक्स्टन या गोऱ्या भावंडांनी ते भाड्यानं घेतलं. खुर्च्या काढल्या, स्टेजवर ध्वनिमुद्रणाची यंत्रं मांडली आणि प्रेक्षागृहाचा स्टुडिओ केला. जमीन मात्र थिएटरची होती तशीच उतरती राहिली. त्या उतारानं तिथल्या आवाजाला एक घनता दिली, थोडा खडबडीतपणाही. पुढं 'स्टॅक्स' या नावानं जगभर गेलेल्या तिथल्या रेकॉर्ड ऐकताना मला आधी ती खोली जाणवते. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन एकदम उठतात, भिंतींना भिडतात, आणि सूर विरायच्या आत ड्रमचा ठोका पडतो.

जिम दिवसा बँकेत काम करायचा आणि फावल्या वेळात कंट्री संगीतात फिडल वाजवायचा. कृष्णवर्णीयांच्या संगीताशी त्याची फारशी ओळख नव्हती. ही ओळख दारात चालत आली. थिएटरच्या दर्शनी भागात, जिथं पूर्वी खाऊचा काउंटर होता, तिथं एस्टेलनं रेकॉर्डचं दुकान थाटलं होतं. वस्तीतली कृष्णवर्णीय मुलं शाळा सुटली की तिथं येत, रेकॉर्ड लावून ऐकत उभी राहत. एस्टेल त्यांना हुसकावत नसे. हे गाणं का आवडलं, त्यातलं नेमकं काय आवडलं, असं खोदून खोदून विचारी. समोरच्या किराणा दुकानात काम करणारा डेव्हिड पोर्टर तिथूनच गीतकार म्हणून आत आला. बुकर टी. जोन्स नावाचा शाळकरी पोरगाही आत आला आणि ऑर्गनवर बसला. १९६२ साली 'ग्रीन अनियन्स' गाजलं, तेव्हा तो जेमतेम सतरा वर्षांचा होता.

मला त्या काउंटरचं महत्त्व स्टुडिओतल्या यंत्रांहून मोठं वाटतं. कारण तेव्हाच्या मेम्फिसमध्ये काळ्या-गोऱ्यांनी एका टेबलावर जेवणं कठीण होतं. शाळा वेगळ्या, बसायच्या जागा वेगळ्या. वंशभेदाला मनाई करणारा नागरी हक्क कायदा यायला १९६४ साल उजाडावं लागलं. तोवर या थिएटरात मंडळी एकत्र वाजवायला लागली होती. बुकर टी. अँड द एमजीज या तिथल्या वादकांच्या चमूत थोड्याच वर्षांत दोन काळे आणि दोन गोरे असा मेळ जमला: बुकर टी. आणि ड्रमवादक अल जॅक्सन ज्युनियर, गिटारवर स्टीव्ह क्रॉपर, बेसवर डक डन.

गायक विल्सन पिकेटचं 'इन द मिडनाइट अवर' हे १९६५ सालचं गाणं एकदा फक्त ड्रमसाठी ऐका. चारातल्या दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर अल जॅक्सनचा स्नेअर ड्रम वाजतो, पण किंचित उशिरा. ठोका आता पडणार म्हणून शरीर पुढं झुकतं, क्षणभर काहीच होत नाही, आणि मग तो पडतो. कानाला कळण्याआधी तो खांद्यांना कळतो. क्रॉपरची गिटार त्याच उशिरावर त्याला येऊन मिळते. इतक्या सूक्ष्म विलंबावर दोघांनी एकत्र यायचं तर एकमेकांचा श्वास ओळखीचा असावा लागतो. शहर ज्यांना एका बाकावर बसू देत नव्हतं, त्यांनी ही ओळख कमावली होती.

हे गाणं पिकेट आणि क्रॉपरनं मिळून लिहिलं ते शहरातल्या लोरेन मोटेलमध्ये. मालक कृष्णवर्णीय होते. तिथं दोन्ही रंगांच्या कलावंतांना एकत्र बसता येई, खाता येई, रात्रभर चालींवर काम करता येई. 'नॉक ऑन वूड'ही तिथलंच.

याच स्टॅक्समध्ये ओटिस रेडिंग १९६२ साली दुसऱ्या एका वादकाचा ड्रायव्हर म्हणून आला आणि गायक होऊन बाहेर पडला. १९६५ मध्ये त्यानं 'रिस्पेक्ट' गायलं. दिवसभर राबून घरी येणारा पुरुष थोडा मान मागतो, एवढीच त्यातली मागणी. दोन वर्षांनी अरीथा फ्रँकलिननं ते उचललं. अरीथाचा जन्मही मेम्फिसचाच, याच भागातला. वडील धर्मोपदेशक, आवाज चर्चमध्ये घडलेला. कीर्तनात बुवांची ओळ टाळकरी झेलतात तशा तिच्या बहिणी मागून तिची ओळ झेलतात. तिच्या तोंडी तीच मागणी बाईची झाली, पाठोपाठ एका अख्ख्या समाजाची.

फेब्रुवारी १९६८ मध्ये मेम्फिसचे दोन सफाई कामगार कचऱ्याच्या गाडीत चिरडून मेले. तेराशेच्या आसपास कामगार संपावर गेले. 'मी माणूस आहे' एवढंच लिहिलेले फलक घेऊन ते रस्त्यावरून चालत. त्यांना पाठिंबा द्यायला आलेले मार्टिन ल्यूथर किंग लोरेन मोटेलमध्ये उतरले, आणि ४ एप्रिलला तिथल्या सज्जात त्यांना गोळी घातली गेली. जिथं गाणी जन्मली, तिथंच हे घडलं. त्याआधी चारच महिने ओटिस विमान अपघातात गेला होता, सव्विसाव्या वर्षी. स्टॅक्समधली माणसं एकमेकांशी पूर्वीसारखी बोलेनात. गीतकार आयझॅक हेजला पुढं वर्षभर काही लिहवेना. त्याच सुमारास, अटलांटिक या बड्या कंपनीशी केलेल्या करारामुळे आजवरच्या ध्वनिमुद्रणांची मालकीच आपल्या हाती नाही, हेही स्टॅक्सला कळलं.

तरी स्टॅक्स उठलं. कृष्णवर्णीय संचालक अल बेलनं नव्यानं घडी बसवली. हेजनं 'शाफ्ट' या चित्रपटाच्या गाण्यासाठी ऑस्कर घेतलं. ऑगस्ट १९७२ मध्ये लॉस एंजेलिसच्या कोलिझियममध्ये, सात वर्षांपूर्वी तिथल्या वॉट्स या कृष्णवर्णीय वस्तीत पेटलेल्या उद्रेकाच्या स्मरणार्थ, स्टॅक्सनं दिवसभराचा जलसा केला. तिकीट एक डॉलर, आणि लाखभर माणूस. त्याच वर्षीच्या मे महिन्यात, मानाची हीच मागणी घेऊन, इकडं मुंबईत दलित पँथर उभी राहिली. तिनं नाव घेतलं ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. महाडच्या तळ्याची आठवण रक्तात असलेल्या मराठी माणसाला मेम्फिसच्या त्या फलकाचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागत नाही.

१९७५ च्या अखेरीस स्टॅक्सचं दिवाळं निघालं. १९८९ मध्ये इमारत पाडली गेली. २००३ मध्ये त्याच जागेवर संग्रहालय उभं राहिलं, शेजारीच संगीत अकादमी चालते आणि मेम्फिसची मुलं तिथं गायला-वाजवायला शिकतात.

या संगीतानं अमेरिकेला मान कसा मागावा हे शिकवलं, आणि वेगळ्या रंगाच्या माणसासोबत एका तालात कसं राहावं हेही. कायद्याला जे उशिरा सुचलं ते एका भाड्याच्या थिएटरात आधी वाजलं. पण तिथं जन्मलेल्या गाण्यांची मालकी शेवटी दुसऱ्याच्या कपाटात गेली. ज्यांच्या गाण्यावर देश नाचला, त्यांच्या हाती त्या गाण्याचा हक्क आणि त्या देशात निर्धास्त जगण्याचा हक्क पुरतेपणी येईपर्यंत, अमेरिकेनं या संगीताला दिलेली दाद अपुरीच राहील.