फोटो केवढा मोठा करता येतो?

"फोटो क्लिअर आहे, केवढाही मोठा करून देतो" असं स्टुडिओवाला म्हणाला तर विश्वास ठेवू नका. आणि "३०० डीपीआय नसेल तर प्रिंट काढूच नका" असं नेटवर वाचलंत तर त्यावरही नको. खरा हिशेब मध्ये कुठेतरी आहे, आणि भिवंडीकराला तो चटकन कळायला हवा!

कारण कापडात हेच असतं. एका इंचात ताण्याचे धागे किती नि बाण्याचे किती, यावर पोत ठरतो. ते मोजायला घडीचं छोटं भिंग असतं. (छपाईवाले शाईचे ठिपके तपासायला तेच वापरतात, आणि त्याला म्हणतातही लिनन टेस्टर.) कापड ताणलं तर धागे वाढत नाहीत, विरळ होतात. पिक्सेलचंही अगदी तस्संच.

आमचे आजोबा आयुष्यभर लूमवर होते. ते गेले तेव्हा हॉलमध्ये लावायला त्यांचा एकट्याचा फोटोच सापडेना. होता तो एका लग्नातला ग्रुप फोटो, १२ मेगापिक्सेलचा. काका खूश. पण त्यात माणसं तीस! आजोबांपुरता कापला तर उरले ६०० बाय ८०० पिक्सेल. ३०० च्या नियमाने २ बाय पावणेतीन इंच. म्हणजे पाकिटात ठेवण्यापुरता. काकांना हवा होता १२ बाय १६.

आता गंमत बघा. नॉर्मल नजरेला एका अंशाच्या साठाव्या भागाहून बारीक तपशील वेगळा दिसत नाही. त्यातून सोपं सूत्र निघतं: ३४४० ला अंतराच्या इंचांनी भागा, तेवढे पिक्सेल दर इंचाला पुरतात. फूटभर अंतराला साधारण २८७, म्हणजे तो ३०० चा नियम याच्याच आसपास. कल्याण नाक्यावरचा वाढदिवसाचा फ्लेक्स तीस फुटांवरून बघता, तिथे १० सुद्धा पुरे. बारा फुटी फ्लेक्सवरचे भाऊ १६०० पिक्सेलमध्ये आरामात मावतात!

आजोबांचा फोटो दाराच्या वर लागणार, सोफ्यावरून अंतर सहा फूट. ३४४० भागिले ७२, म्हणजे साधारण ४८. आणि १२ बाय १६ ला आमच्याकडे होते ५०. जमलं की!

स्टुडिओवाल्याने मात्र न विचारता एआयने "साफ" करून दिला. चकाचक. एकेक केस मोजून घ्या. आजीने हातात घेतला, चष्मा वर-खाली केला नि म्हणाली, "अरे, हे 'हे' नाहीत." भुवईवरचा जुना व्रण गायब होता, आणि गालही कुणा दुसऱ्याचेच. सॉफ्टवेअरने नवे धागे विणले होते, पण ते आजोबांचे नव्हते. मी स्वतः याच धंद्यात आहे, तरी सांगतो, माणसाच्या चेहऱ्यावर हे करू नये.

असो. मूळ फाइलवरूनच १२ बाय १६ काढला. सोफ्यावरून छान दिसतो, स्टुलावर चढून हार घालताना चौकोन दिसतात. आजीला मात्र जवळून बघायचं असतं, म्हणून त्याच फाइलचा ३ बाय ४ वेगळा काढला, इंचाला २००. तो तिच्या उशाशी असतो. भुवईवरचा व्रण त्यात दिसतो.