अर्जातलं इंग्रजी

अंबडला माझं टायपिंग इन्स्टिट्यूट आहे. आता तिथे कॉम्प्युटर आहेत. पूर्वी गोदरेज आणि रेमिंग्टनची मशिनं होती. सरकारी परीक्षेसाठी मुलं यायची, अजून येतात. इंग्रजी तीस, मराठी तीस, मग चाळीस. सकाळच्या बॅचेस संपल्या की दुपारी बाहेरचं काम सुरू व्हायचं: नोकरीचा अर्ज, बायोडाटा, गाळ्याच्या भाड्याचा कागद, कंपनीला पाठवायचं तक्रारीचं पत्र. भोकरदनपासून परतूरपर्यंतच्या माणसांनी वहीच्या पानावर लिहिलेलं इंग्रजी माझ्यासमोर येत राहिलं.

परीक्षेचा नियम साधा असतो. समोरच्या उताऱ्यात जे आहे ते जसंच्या तसं उतरवायचं. गिऱ्हाइकाच्या कागदाला तो नियम लावणं मला कधी जमलं नाही. ‘आय डिड नॉट वेन्ट’ असं दिसलं की बोट थांबायचंच. चुकीच्या इंग्रजीची चीड येते असं सांगणारी माणसं मला खोटी वाटत नाहीत, कारण ती चीड मला ठाऊक आहे. तांदळात खडा लागावा तसं ते वाक्य दाताखाली येतं. पण इतकी पानं वाचल्यावर एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि तिनं माझी चीड दुसरीकडे वळवली. आपल्याकडे ज्या चुकांना लोक हसतात त्यांनी बहुतेकदा कुणाचं काही बिघडत नाही. आणि ज्या चुकांनी माणसाचं नुकसान होतं त्या कुणाच्या नजरेलाच येत नाहीत.

‘डिड नॉट वेन्ट’च घ्या. मराठीत आपण ‘मी गेलो नाही’ म्हणतो. नकार आला तरी ‘गेलो’ भूतकाळातच राहतं. मुलगा तेच करतो, ‘वेन्ट’ला भूतकाळात ठेवतो. ‘मला माहीत आहे’ यातल्या ‘आहे’ला जागा द्यायची म्हणून ‘आय अ‍ॅम नोइंग’ येतं. ‘पाच वर्षांपासून काम करतोय’चं ‘आय अ‍ॅम वर्किंग फ्रॉम फाइव्ह इयर्स’ होतं; शब्दाला शब्द लावून बघा, कुठे चुकलं ते सांगता येणार नाही. ‘विषयाबद्दल चर्चा’ म्हणून ‘डिस्कस अबाउट’. ‘ए’, ‘अ‍ॅन’, ‘द’ तर आपल्या भाषेत नाहीतच, रशियनमध्ये आणि चिनीतही नाहीत. ज्या मुलाला जातो, जाते, जातात हे तिन्ही आईच्या कडेवर असल्यापासून बिनचूक येतात, तो इंग्रजीतला ‘ही गोज’मधला ‘एस’ विसरतो म्हणून त्याला व्याकरण कळत नाही असं म्हणणं अन्यायाचं आहे. त्याला एक व्याकरण पक्कं येतं, म्हणूनच तो या चुका करतो. अशी वाक्यं वाचून साहेबाला राग येईल, पण मुलगा काय म्हणतोय हे त्याला बरोबर कळतं.

आता दुसऱ्या जातीची चूक. बाजारातल्या एका गाळेवाल्यानं भाडेकरूला इंग्रजीत नोटीस दिली होती. इंग्रजीत दिली की वजन पडतं, असं त्याला कुणी सांगितलेलं. ३१ मार्चपर्यंत गाळा रिकामा करावा, एवढंच त्याला म्हणायचं होतं. कागदावर होतं ‘व्हेकेट टिल थर्टीफर्स्ट मार्च’. मराठीच्या ‘पर्यंत’ला दोन कामं येतात. ‘संध्याकाळपर्यंत थांब’ यात थांबणं संध्याकाळपर्यंत चालू राहतं. ‘संध्याकाळपर्यंत पैसे दे’ यात ती शेवटची वेळ असते. इंग्रजी या दोन कामांना दोन वेगळे शब्द लावते, पहिल्याला ‘टिल’ आणि दुसऱ्याला ‘बाय’. आपण दोन्हीकडे ‘टिल’ लावून मोकळे होतो. भाडेकरूच्या शिकलेल्या पुतण्यानं नोटीस वाचली आणि म्हणाला, काका, यात तर ३१ मार्चपर्यंत गाळा रिकामा ठेवा असं लिहिलंय, पुढचं काहीच नाही. दोघांचं आधीच वाकडं होतं. या कागदानं भांडणाला तोंड फुटलं. नोटीस दुसऱ्यांदा टाइप करायला माझ्याकडे आली तेव्हा मी एकच शब्द बदलला. त्या कागदात स्पेलिंगची एकही चूक नव्हती. कुणी हसलं नसतं त्याला.

‘हार्डली’चं तर मला अजून वाईट वाटतं. शाळेत नियम शिकवतात की ‘क्विक’ला ‘एल-वाय’ लावून ‘क्विकली’, ‘स्लो’चं ‘स्लोली’. नियम नीट पाठ केलेला मुलगा ‘हार्ड’चं ‘हार्डली’ करतो. बायोडाटात लिहितो, ‘आय हॅव वर्क्ड हार्डली फॉर थ्री इयर्स’. त्याला सांगायचंय की तीन वर्षं राबलो. वाचणाऱ्याला वाटतं, तीन वर्षांत यानं जेमतेमच काम केलं. हे वाक्य मी इतक्या बायोडाटांत पाहिलंय की आता पान हातात आलं की आधी तेच शोधते.

आणि ‘डाउट’. आमच्याकडे बियाण्याच्या कंपन्यांसाठी बीजोत्पादनाचे प्लॉट घेणारी गावंच्या गावं आहेत. बद्रीनारायण बारवाल्यांनी १९६४ साली जालन्यात महिको सुरू केली, १९९८ साली त्यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं, आणि बियाण्याचा धंदा इथल्या शेतात रुजला. प्लॉटवाल्या शेतकऱ्याचा शिकलेला मुलगा एका कंपनीला पत्र लिहितो, ‘आय हॅव अ डाउट अबाउट युवर बिल’. मराठीत ‘शंका’ म्हणजे प्रश्नही आणि संशयही. त्याला बिलातला एक आकडा समजून घ्यायचा होता. दूरच्या शहरातल्या अधिकाऱ्यानं ते पत्र आरोप म्हणून वाचलं आणि उत्तर तशाच भाषेत आलं. मुलगा ते उत्तर घेऊन माझ्यासमोर बसला, तेव्हा चिडण्यापेक्षा तो गोंधळलेला जास्त होता.

या तीन शब्दांवर मी दर बॅचला वेगळा वेळ देते. परीक्षेत त्याला मार्क नाहीत. मुलं वेगावर येण्यासाठी आलेली असतात, त्यांना घाई असते. तरी बसवते.

हसण्याबद्दल मात्र मला जास्त बोलायचंय. जालना सळईचं गाव. तिथल्या एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमध्ये काम केलेल्या मुलानं दुसरीकडे अर्ज केला. ‘स्टील’मधल्या दुसऱ्या ‘ई’च्या जागी ‘ए’ पडला आणि अनुभव ‘चोरी’चा झाला. ऐकायला दोन्ही शब्द एकच. देवनागरीत वाढलेला माणूस कानावर विश्वास ठेवून लिहितो, कारण मराठी बऱ्याच अंशी कानानं लिहिता येते, आणि इंग्रजी या विश्वासाला जागत नाही. त्या बायोडाटाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला. खाली हसरी तोंडं. फिरत फिरत तो त्याच्याच गावातल्या ग्रुपवर आला. नाव झाकायचंही कुणाला सुचलं नव्हतं. मुलगा माझ्याकडे आला आणि म्हणाला, “काऊन हसायलेत मॅडम? मी काय खोटं लिहिलंय का?”

त्याला मी कामाबद्दल विचारलं. बिलेट भट्टीत अकराशे-बाराशे अंशांपर्यंत कसं तापतं, लालभडक बिलेट एकेका स्टँडमधून जाताना बारीक कसं होत जातं, वेग जुळला नाही तर सळई वेटोळं घेऊन बाहेर कशी उसळते आणि तेव्हा कुणी कुठे उभं राहायचं नसतं, हे त्यानं असं सांगितलं की मी ऐकत राहिले. तो फोटो पुढे ढकलणाऱ्यांपैकी किती जण त्या भट्टीजवळ एक पाळी टिकले असते? एका अक्षरावरून अख्ख्या माणसाची किंमत करणाऱ्यांना भाषेची काळजी असते, हे मी मानत नाही.

हे हसणं आमच्याकडे नवं नाही, हे मला नानांमुळे कळलं. नाना, म्हणजे माझे वडील, निजामाच्या राजवटीत शिकले. १७ सप्टेंबर १९४८ला हैदराबाद संस्थान भारतात आलं, त्याआधी त्यांच्या शाळेचं माध्यम उर्दू होतं. हैदराबादेत १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठात तर वरचं शिक्षणही उर्दूतून चाले. घरी मराठी बोलणाऱ्या पोराच्या तोंडून ‘क़’ आणि ‘ख़’ घशातून निघायचे नाहीत. ‘याचे शीन-काफ दुरुस्त नाहीत’, म्हणजे उच्चार साफ नाहीत, असं म्हटलं जायचं आणि वर्ग हसायचा. नाना गणितात हुशार होते. वर्गात हात वर करायचं मात्र त्यांनी सोडून दिलं, कारण उत्तर बरोबर आलं तरी उच्चाराला हसू यायचं. म्हातारपणीही ते चारचौघांत उर्दू बोलताना आवाज खाली घ्यायचे.

पुढे राज्य गेलं, कचेरीची भाषा बदलली. २०२३ साली आमच्याच तालुक्यातल्या अंतरवाली सराटीच्या मराठा आरक्षण आंदोलनानंतर निजामकाळातल्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा जुनी उर्दू आणि मोडी कागदपत्रं वाचणाऱ्यांना शोधावं लागलं. नाना असते तर त्यांतली उर्दू कागदपत्रं त्यांनी सहज वाचली असती. त्यांचे शीन-काफ तेव्हा कुणी विचारले नसते.

इंग्रजांचं तरी काय वेगळं? रॉबर्ट लाउथ नावाच्या धर्मगुरूनं १७६२ साली इंग्रजीचं व्याकरण छापलं, त्यात चुकीच्या वाक्यांचे नमुने म्हणून शेक्सपियर आणि मिल्टनसुद्धा आहेत. भाजीवाल्यांच्या पाट्यांवरच्या नको तिथल्या अपॉस्ट्रॉफीला इंग्लंडात वेगळं नावच पडलंय. २००३ साली विरामचिन्हांच्या चुकांवर लिन ट्रस या बाईंनी लिहिलेलं पुस्तक तिकडे धडाक्यात खपलं. माझ्या टेबलावरचं रेन अँड मार्टिन ज्या पी. सी. रेन यांच्या नावानं ओळखलं जातं, ते इथे शिक्षणखात्यात नोकरीला होते; साऱ्या देशाला त्यांनी नियम शिकवले. ते पुस्तक मला प्रिय आहे. पण ‘पोस्टपोन’च्या धर्तीवर आपल्या लोकांनी रुळवलेला ‘प्रीपोन’ आता ऑक्सफर्डच्या कोशात आहे. आज ज्याला चूक म्हणून हसतात त्याचं उद्या काय होईल, हे रेनसाहेबांनाही सांगता आलं नसतं.

आता मुलांच्या हातात फोन आहे. दोन ओळी सांगितल्या की बिनचूक इंग्रजी अर्ज तयार. २००० साली पहिलीपासून इंग्रजी आलं, गावागावांतून इंग्रजी शाळांच्या पिवळ्या बस धावतात, तरी अर्ज फोनच लिहितो. चुका गेल्या याचा मला आनंद व्हायला हवा होता. पण घनसावंगीकडची एक मुलगी असा अर्ज घेऊन आली. शिवणकामाचा कोर्स केलेली, जालन्यातल्या एका दुकानात जागा होती. अर्जात लिहिलं होतं की ती वस्त्रोद्योगातली अनुभवी व्यावसायिक असून मोठ्या गटाचं नेतृत्व तिनं केलंय. इंग्रजी झकास होतं. मी म्हटलं, “बाळा, यातलं तुझं काय आहे?” तिनं कागद पुन्हा वाचला. “नाव,” ती म्हणाली.

मग आम्ही बसलो. ती मराठीत सांगत गेली. ब्लाउज किती प्रकारचे शिवते, पिकोचं मशीन कुठे शिकली, जालन्याची एसटी गावात सकाळी किती वाजता येते आणि त्यामुळे दुकानात किती वाजता पोचेल. तिनं ते स्वतः इंग्रजीत लिहिलं, मी कडेला बसून अर्थ बदलेल तिथेच बोलले. पहिली ओळ तिनं ‘मायसेल्फ’नं सुरू केली होती.

“हे असं म्हणत नाहीत,” मी सांगितलं.

“अर्थ बदलतो का मॅडम?”

“नाही. तू कोण हे त्यांना कळेल. पण काही जण हसतात.”

ती थोडा वेळ पेन हातात धरून बसली. “अर्थ बदलत नसंल तर चूक माझी लई मोठी नाही,” ती म्हणाली, “पण नोकरी मला लागायलीय. काढा ते.”

मी ते काढलं. बाकीचा कागद तिच्या शब्दांत ठेवून प्रिंट दिली.